साठ दिवस, नव्वद दिवस आणि वरच्या मजल्यावरची आजी

प्रिय ताई,

आम्ही सहा वर्षं न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला, एल्महर्स्टमध्ये भाड्याने राहतोय. भाडं महिना २,९०० डॉलर. मुलगा चार वर्षांचा आहे. सासूबाईंना मिरजेहून कायमचं इकडे आणायचंय, त्यांचे गुडघे पार गेलेत. रिजवूडला एक विटांचं, दोन बिऱ्हाडांचं घर बघितलं. १९१२ चं आहे, किंमत ९ लाख ९५ हजार. घर भाडेकरूंसकट विकायला काढलंय. खाली एक तरुण जोडपं आहे, ते २,६०० देतं. त्यांचा वर्षाचा करार ३० एप्रिलला संपतो. वर एक पोलिश आजी एकोणीस वर्षं राहतेय, करार नाही, १,३५० देते. तळघरात एक गृहस्थ, ते १,१०० रोख देतात. मालकीण वारली, तिची तीन मुलं लाँग आयलंडला असतात, ती विकतायत. एजंट म्हणतो, "क्लोजिंग झालं, घर तुमच्या नावावर आलं, की आजीला महिन्याची नोटीस द्या, वरचा मजला तुमचा. खालच्या दोघांच्या भाड्यात हप्ता निघेल." पुण्याचे दीर म्हणतात, भाडेकरू असलेल्या घराला हात लावू नका, पागडीसारखं गळ्यात पडेल. कोथरूडचा फ्लॅट विकून वीस टक्के भरता येतील एवढे पैसे उभे केलेत. पण सगळं धरून महिना साडेचार हजारांच्या वर आम्हाला झेपणार नाही. नवरा रोज रात्री कॅलक्युलेटर घेऊन बसतो. मला मात्र त्या आजीच्या दारातल्या चपला डोळ्यांसमोरून हलत नाहीत. घ्यावं का घर?

तुमचीच भाची समजा, क्वीन्स

*

भाची म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते.

आधी दिरांचं बघू. पागडीची भीती इथे लागू नाही. मुंबईत पागडीचा भाडेकरू म्हणजे निम्मा मालकच, भाडं नाममात्र आणि हक्क पुढच्या पिढीकडे जाणारा. न्यूयॉर्कमध्ये भाडं बांधून ठेवणारा रेंट स्टॅबिलायझेशनचा कायदा साधारणपणे १९७४ च्या आधी बांधलेल्या, सहा किंवा जास्त घरांच्या इमारतींना लागतो. तुमचं दोन बिऱ्हाडांचं घर त्यात येत नाही. एप्रिल २०२४ पासून 'गुड कॉज' नावाचा नवा कायदा आलाय, सबळ कारणाशिवाय भाडेकरूला काढायचं नाही असा. पण ज्यांच्याकडे सगळी मिळून दहापेक्षा जास्त घरं नाहीत असे छोटे मालक त्यातून सुटतात. तुम्ही सुटाल, आणि त्या तीन भावंडांकडे आणखी इमारती नसतील तर तीही. फक्त ही सूट कोणत्या कारणाने मिळते ते नोटिशीत आणि करारात लिहून द्यावं लागतं. ते वकिलाचं काम.

म्हणजे दीर चुकले. पण एजंट त्यांच्याहून जास्त चुकलाय, आणि तो चुकला तर त्याचं कमिशन बुडत नाही.

आपल्याकडच्या लोकांच्या डोक्यात अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स पक्का बसलेला असतो. मुदत संपली की उठायचं, नाही उठला तर दुप्पट भाडं. त्यामुळे 'करार नाही' हे शब्द ऐकले की आपल्याला वाटतं, भाडेकरूचा हक्कही नाही. इथे उलटं आहे. तीस दिवस राहिलेल्या माणसालाही कोर्टाच्या हुकमाशिवाय बाहेर काढता येत नाही. कुलूप बदललं, सामान बाहेर ठेवलं, हीटिंग बंद केलं, तर तो या शहरात गुन्हा आहे. आणि कुणी दोन वर्षांहून जास्त राहिलं असेल तर, करार असो नसो, घर सोडायला सांगण्याआधी नव्वद दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. २०१९ पासूनचा नियम आहे. एजंटचा 'महिना' त्याआधीचा, किंवा त्याच्या मनातला.

आता नव्वदच्या शेजारी दुसरा आकडा ठेव. तुम्ही स्वतः राहण्यासाठी म्हणून कर्ज घेणार, म्हणून तर व्याज कमी लागणार. त्या कर्जाच्या कागदात एक ओळ असते : सही केल्यापासून साठ दिवसांत घरात राहायला यायचं आणि निदान वर्षभर राहायचं. क्लोजिंगच्या दुसऱ्याच दिवशी आजीला नोटीस दिलीत, तरी बँकेचे साठ दिवस आजीच्या नव्वदच्या महिनाभर आधी संपतात. आणि नव्वदाव्या दिवशी आजी गेली नाही तर? मग जमैकाला सटफिन बुलेव्हार्डवरच्या हाउसिंग कोर्टात 'होल्डओव्हर'चा, म्हणजे मुदत संपूनही न निघणाऱ्याला काढण्याचा, दावा. उत्पन्न कमी असलेल्या भाडेकरूला २०१७ च्या कायद्याने शहर फुकट वकील देतं, तुम्हाला तुमचा पैसे देऊन करावा लागतो. दावा जिंकलात तरी आजारपण, वय, आसपास तसं दुसरं घर न मिळणं, असं सगळं बघून न्यायाधीश तिला वर्षभरापर्यंत मुदत देऊ शकतात. तेवढा काळ ती भाडं देत राहील, पण तुम्ही एल्महर्स्टचं २,९०० भरत राहाल आणि रिजवूडचा हप्ताही. बँकेला काय सांगणार? घेतलेल्या घरात आम्हाला शिरताच येत नाही म्हणून?

नवऱ्याच्या कॅलक्युलेटरमध्ये हे बसत नाही. म्हणून वरचा मजला धरून केलेलं सगळं गणित सोडून द्या.

आता तळघर. ते गणितातून आधी काढा. घर दोन बिऱ्हाडांचं आहे, तिसरं बिऱ्हाड परवानगीशिवाय घातलेलं आहे. जागेची निम्म्याहून जास्त उंची जमिनीखाली असेल तर या शहरात तिला 'सेलर' म्हणतात, आणि असा सेलर दोन बिऱ्हाडांच्या घरात सरळ भाड्याने देता येत नाही. परवानगीशिवाय तीन बिऱ्हाडं ठेवलीत आणि एखाद्याने भाडं थांबवलं, तर कोर्ट ते वसूल करून देत नाही. तळघरामुळे वरच्या मजल्यांचं भाडंही अडकू शकतं. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस पडला तेव्हा शहरात तेरा माणसं गेली. त्यातली अकरा तळघरांतल्या घरांत होती, बहुतेक क्वीन्समधली. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत जो तो आपापल्या तळघराच्या पायऱ्यांवर उभा राहून पाण्याची रेघ बघत होता. त्या १,१०० डॉलरला मी तरी हात लावला नसता. त्या गृहस्थांनाही कुलूप बदलून काढता येणार नाहीच, पण ती जबाबदारी विकणाऱ्यांची. तळघर कायदेशीरपणे रिकामं होऊन तिथली चूल आणि बाथरूम निघाल्याशिवाय क्लोजिंग नाही, हे खरेदीच्या करारात घालून घ्या.

उरले खालचे दोघं आणि वरची आजी.

तुझ्या पत्रात एक गोष्ट तू लिहिलीस आणि तशीच पुढे सरकलीस. सासूबाईंचे गुडघे गेलेत, आणि तुम्हाला मजला हवाय वरचा. का गं? वर उजेड जास्त असेल, मान्य. पण रिजवूडच्या त्या घरांचे जिने कसे असतात ते मला माहीत आहे. अरुंद, उभे, एका बाजूला कठडा. मिरजेहून आलेली बाई अशा जिन्याने दिवसातून एकदा उतरेल, आणि जानेवारीत तेवढीही नाही. तुम्हाला खालचा मजला हवाय. आजी वर राहते म्हणून तुमची नजर वर गेली, कारण एजंटने सांगितलं की तिला हलवणं सोपं.

खालच्या जोडप्याचा करार ३० एप्रिलला संपतो. घर विकलं म्हणून करार मोडत नाही, तोपर्यंत तुम्हालाही तो पाळावाच लागेल. पण संपताना मात्र तो तुमच्या सोयीने संपतो. त्यांचा करार वर्षाचा, म्हणून तिथे राहून दोन वर्षांहून जास्त झाली नसतील तर त्यांना साठ दिवसांची नोटीस पुरते. ती फेब्रुवारी संपायच्या आत त्यांच्या हातात पडली पाहिजे, आणि ती देणार कोण, तर आजचे मालक, म्हणजे ती तीन भावंडं. तुम्ही नाही. तुमचं पत्र जानेवारीचं आहे, म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. खरेदीच्या करारावर सह्या फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, नोटीस त्याच आठवड्यात, क्लोजिंग मेमध्ये. करारात वाक्य स्वच्छ हवं : खालचा मजला आणि तळघर 'डिलिव्हर्ड व्हेकंट', म्हणजे ताबा देताना रिकामं. जोडपं त्या तारखेला गेलं नाही तर क्लोजिंग पुढे ढकलायचं, आणि अमुक दिवसांनंतरही नाहीच गेलं तर करारावर सही करताना भरलेले तुमचे दहा टक्के परत. ते दहा टक्के विकणाऱ्याच्या वकिलाच्या एस्क्रो, म्हणजे राखीव, खात्यात राहतात, भावंडांच्या खिशात जात नाहीत, म्हणून परत मिळतात. व्याजदर बांधून घेताना मात्र मुदत लांब घ्या, ढकलाढकलीत दर सुटला तर सगळाच खेळ बिघडतो.

खालच्या जोडप्याला लवकर निघायचे पैसे द्यायचे असतील तर तेही विकणाऱ्यांच्या खिशातून. इथे त्यालाही नियम आहेत. पैसे घेऊन निघायला भाडेकरू नाही म्हणू शकतो, हे लेखी कळवावं लागतं, आणि त्याने लेखी नकार दिला तर १८० दिवस पुन्हा विचारायचंही नाही.

आता तुझ्या नवऱ्यासाठी आकडे. किंमत ९ लाख ९५ हजार, वीस टक्के भरले तर कर्ज ७ लाख ९६ हजार. तीस वर्षं, व्याज साडेसहा टक्के धरलं तर हप्ता ५,०३० च्या आसपास. घरपट्टी आणि विमा मिळून महिना साडेनऊशे धरते, तुम्ही खरी बिलं बघून दुरुस्त करा. झाले ५,९८०. तुम्ही वर राहून खालचं २,६०० घेतलं असतंत, तर खिशातून ३,३८० गेले असते. खाली राहून आजीचं १,३५० घेतलंत तर ४,६३० जातात. दोन्हींत महिन्याला साडेबाराशेचा फरक आहे, वर्षाचे पंधरा हजार डॉलर. हे लपवून मी तुला आजीवर दया कर म्हणणार नाही. रक्कम मोठी आहे. पण ते २,६०० वालं गणित फक्त कागदावर उभं आहे, हेही नवऱ्याने त्याच कॅलक्युलेटरवर बघावं. कोर्टात गेलेल्या एका वर्षात तुमचं एल्महर्स्टचं भाडंच पस्तीस हजारांच्या जवळ जातं.

साडेचार हजारांची तुमची हद्द आणि ४,६३० यांत १३० चं अंतर राहतं. ते किमतीत काढा. वीस टक्के भरणाऱ्याला किमतीतले दहा हजार कमी झाले की महिन्याला सुमारे पन्नास डॉलर वाचतात. ९ लाख ७० हजारांना घर मिळालं तर तुम्ही बरोबर ४,५०५ वर येता. मागायला कारणंही आहेत. जाहिरातीत तीन भाडी दाखवलीत त्यातलं एक बेकायदा, दुसरं बाजारभावाच्या निम्मं. भाडेकरूंसकट घराला गिऱ्हाईक कमी, स्वतः राहणारे लांब पळतात, उरतात ते गुंतवणूकवाले आणि ते फार घासाघीस करतात. त्या भावंडांना तुमच्यासारखं कुटुंब मिळालं तर त्यांनाही बरंच. फक्त दहा लाखांच्या वर कुणी बोली चढवायला लागलं तर उठा. दहा लाखांना 'मॅन्शन टॅक्स' सुरू होतो, एक टक्का, तो घेणाऱ्याने भरायचा. १९१२ च्या दोन खणांच्या घराला मॅन्शन म्हणणारं हे सरकार! मॉर्गेज नोंदवण्याचा कर वेगळा. पाच लाखांच्या वरच्या कर्जावर तुमच्या वाट्याला १.९२५ टक्के, म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास, आणि ते रोख हवेत. कोथरूडच्या पैशात तेवढी जागा ठेवली आहेत ना? आणि तो पैसा आला कुठून याची साखळी इथली बँक मागेल. फ्लॅटचं विक्रीखत, कापलेला टीडीएस, पैसे भारताबाहेर पाठवतानाचे १५ सीए आणि १५ सीबीचे कागद, सगळं एका फायलीत ठेवा.

माझं ऐकशील तर आजीचं भाडं पहिल्या दिवशी वाढवू नका. पाच टक्के किंवा त्याहून जास्त वाढवायचं तरी तिला नव्वद दिवस आधी लेखी कळवावं लागेलच. सहा महिने जाऊ देत. मग पंचाहत्तर-शंभराने वाढवा आणि वर्षाचा लेखी करार द्या. एकोणीस वर्षं वेळेवर भाडं देणारी, घरी असणारी, जिन्यात कोण शिरलं ते सांगणारी बाई वरच्या मजल्यावर असणं म्हणजे काय, हे तुझ्या मुलाला पहिल्यांदा ताप येईल त्या दिवशी कळेल. हा माझा पक्षपात आहे, मान्य आहे. आमच्याही वर अशी एक बाई होती.

तिच्यावरून आठवलं. आम्ही घर घेतलं तेव्हा तिने डिपॉझिटची पावती काढून दाखवली. जुन्या मालकाने घेतलेलं डिपॉझिट आमच्याकडे वळतं झालंच नव्हतं, आणि आम्हाला ते विचारायचं सुचलंही नव्हतं. कायद्याने घर विकल्यापासून पाच दिवसांत ते नव्या मालकाच्या हवाली करायचं असतं आणि भाडेकरूला तसं पत्राने कळवायचं असतं. ती निघाली तेव्हा डिपॉझिट आम्ही आमच्या खिशातून दिलं. शिवाय तळघरातलं वॉशिंग मशीन वापरायला द्यायचा तोंडी शब्द होता म्हणे, तोही आम्हाला तिच्याकडूनच कळला. म्हणून क्लोजिंगच्या आधी प्रत्येक भाडेकरूच्या सहीचा एक कागद घ्या, इथे त्याला एस्टॉपेल म्हणतात. भाडं किती, कुठपर्यंत भरलंय, डिपॉझिट किती, घरात कोण कोण राहतं, फ्रीज कुणाचा, मालकाने तोंडी काय काय कबूल केलंय, सगळं त्यात. आजीला इंग्रजी वाचायला जड जात असेल तर तिच्या भाषेतून समजावून देणारं कुणी बरोबर न्या. नाहीतर तो कागद उद्या टिकायचा नाही.

घराच्या विटांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे त्या तुला आवडल्यात. रिजवूडच्या कितीतरी घरांची ती फिकट पिवळी वीट स्टेटन आयलंडच्या क्रायशरच्या भट्टीतली. शंभर वर्षं उभी आहे, आणखी राहील, पण दोन ठिकाणी बघा. जुन्या मऊ विटेच्या सांध्यांत कुणी अलीकडे कडक सिमेंट भरलं असेल तर ओल आत कोंडते आणि वीट सोलवटते, तिथे चुन्याचा मसाला हवा. आणि गच्चीचा कठडा, खिडक्यांवरच्या आडव्या पट्ट्या, शेजारच्या घराशी सामाईक असलेली भिंत, यांत कुठे चीर किंवा फुगवटा आहे का, ते इन्स्पेक्टरला शिडी लावून बघायला लावा, रस्त्यावरून नाही. बॉयलर एकच असेल तर आजीचं हीटिंग तुमच्या बिलावर. १ ऑक्टोबर ते ३१ मे, दिवसा बाहेर थंडी असेल तेव्हा घरात ६८ अंश फॅरनहाइट आणि रात्री बाहेर काहीही असलं तरी ६२ राखणं मालकाला बंधनकारक आहे. गेल्या हिवाळ्याची गॅसची बिलं मागा. पाण्याचं बिलही, कारण थकलेलं पाणीबिल घराच्या मानगुटीवर बसतं. घर १९६० च्या आधीचं आणि मुलगा सहाच्या आतला, म्हणून रंगातल्या शिशाची तपासणी तुमच्या खर्चाने करून घ्या. आणि १९३८ च्या आधीच्या घराला ऑक्युपन्सीचा, म्हणजे भोगवट्याचा, दाखला नसतो कित्येकदा, त्याने दचकू नका. घर कायद्याने दोनच बिऱ्हाडांचं आहे असं बिल्डिंग खात्याचं पत्र मात्र विकणाऱ्यांकडून मागून घ्या.

मग घ्यावं का? खालचा मजला आणि तळघर रिकामं, आजी आहे तशी वर, आणि किंमत ९ लाख ७० च्या आसपास, असं जमलं तर घ्या. यातलं पहिलं लिहून द्यायला ती भावंडं तयार नसतील, 'क्लोजिंगनंतर बघू' म्हणाली, तर सोडा. भाव आणखी उतरवला तरी सोडा.

आणि पुन्हा बघायला जाशील तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्यांचा अंदाज घ्यायचा म्हणून आजीच्या जिन्याने एकदा वर चढ. एजंट नको बरोबर. त्या चपलांपाशी थांब आणि दार वाजव. आत बोलावलं तर हीटर कधी बंद पडतो, छत कुठे गळतं, तळघरात पाणी किती चढलं होतं, हे सगळं इन्स्पेक्टरच्या आधी तीच सांगेल.